स्क्रिप्टची जोडणी तोडणारे ‘अपत्य’

रात्री ठरल्या वेळी चालणारी एक पर्ल स्क्रिप्ट डेटाबेसमधून हजारो नोंदी वाचत असते. वेळ वाचावा म्हणून ती थोडे काम एका चाइल्ड प्रोसेसवर, म्हणजेच अपत्य-प्रक्रियेवर सोपविते. अपत्य आपले काम चोख बजावून संपते आणि पुढच्याच प्रश्नाला मूळ स्क्रिप्ट ‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे’ असे सांगून कोसळते. सकाळी संगणक विभागातील मंडळी केबलला आणि सर्व्हरला बोल लावू लागतात. सर्व्हर मात्र जागच्या जागी सुरू असतो.

खरी गोम ‘फोर्क’मध्ये आहे. युनिक्स आणि लिनक्समध्ये फोर्क करताच अपत्याला पालकाच्या मेमरीची स्वतंत्र प्रत मिळते. उघड्या सॉकेटचे तसे नाही. सॉकेट एकच राहते आणि ते दोघांच्याही हाती असते. एकाच दूरध्वनीला दोन रिसीव्हर जोडावेत, तसा हा प्रकार! दोघे एकदम बोलू लागले की उत्तरांची सरमिसळ होते.

अपत्याने आपल्यापुरते सॉकेट नुसते बंद केले, तर काहीच बिघडत नाही. शेवटचा धारक सोडेपर्यंत कर्नेल जोडणी मिटवीत नाही. घात होतो तो शिष्टाचारामुळे. अपत्य संपताना पर्लची ‘डीबीआय’ ही लायब्ररी सर्व्हरचा रीतसर निरोप घेते आणि तो पालकानेच घेतला, असे समजून सर्व्हर जोडणी तोडतो. २०१० मधील डीबीआयच्या १.६१४ या आवृत्तीत ‘ऑटोइनअ‍ॅक्टिव्हडिस्ट्रॉय’ ही सोय आली. ती सुरू केल्यास अपत्य निरोप न घेता निघून जाते. तरीही आधी फोर्क करावे आणि मग प्रत्येक प्रक्रियेने स्वतःची जोडणी उघडावी, हाच मार्ग अधिक निर्धोक.

याच्या उलट दुखणेही आढळते. सर्व्हर प्रोग्रॅम बंद केला, तरी त्याने सुरू केलेली दुसरी आज्ञा पोर्ट धरून बसते आणि पुन्हा सुरू करताना ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ हे उत्तर मिळते. नवी आज्ञा सुरू होताच सॉकेट आपोआप मिटावे, यासाठी ‘क्लोज-ऑन-एक्झेक’ ही खूण असते. पायथनने २०१४ मधील ३.४ या आवृत्तीपासून ती स्वतःहून लावण्यास आरंभ केला.

निदानासाठी ‘एलसॉफ’ ही आज्ञा पुरेशी आहे. एकाच जोडणीपुढे दोन प्रक्रियांचे क्रमांक दिसले, की संशयित सापडला. अखेरचा निरोप कोणी पाठविला, हे ‘एसट्रेस’ला ‘-एफ’ जोडून पाहता येते. मात्र जोडणी दीर्घकाळ निष्क्रिय राहून तुटत असेल, तर अपत्य निर्दोष असू शकते. मायएसक्यूएलची ‘वेट टाइमआउट’ ही मर्यादा मुळात २८,८०० सेकंदांची, म्हणजे आठ तासांची असते आणि ती उलटल्यावरही हाच संदेश येऊ शकतो. एलसॉफ चालवायचे ते अपत्य जिवंत असतानाच. ते क्षणार्धात संपत असेल, तर चाचणीपुरती त्याच्या शेवटी मिनिटभराची ‘स्लीप’ घालावी.