एकच पत्ता, दोन पेट्या : ईमेलमधल्या कॅपिटल-स्मॉलचा इतिहास

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ आहे. ईमेलच्या पत्त्यात एखादं अक्षर कॅपिटल टाकलं किंवा स्मॉल टाकलं, तर फरक पडतो का? बहुतेक जण म्हणतील, 'छे, काही नाही पडत.' रोजच्या वापरात ते खरंही आहे. पण आपल्यापैकी ज्यांनी कधी मेल सर्व्हर सांभाळला असेल, त्यांतल्या पुष्कळांनी एक फोन घेतलेला असतो : 'अहो, माझी सगळी पत्रं गेली, इनबॉक्स रिकामा दिसतोय!' पत्रं गेलेली नसतात. ती शेजारच्याच फोल्डरमध्ये सुखरूप असतात. हे असं का होतं, ते समजून घ्यायला आपल्याला साठेक वर्षं मागे जावं लागेल.

'अपर केस' आणि 'लोअर केस' हे शब्द छापखान्यातले. शिशाचे खिळे खणांच्या पेट्यांत ठेवत, त्या पेटीला इंग्रजीत केस म्हणत. कॅपिटलची पेटी वर, स्मॉलची खाली. संगणक आले तेव्हा मात्र बरीच वर्षं वरची पेटी तेवढीच होती. १९६३ साली आस्की ही अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत ठरली, तिच्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. स्मॉल अक्षरं आली ती १९६७च्या आवृत्तीत. कॅपिटल 'ए'चा क्रमांक ६५, स्मॉल 'ए'चा ९७. प्रत्येक जोडीत बरोबर ३२चं अंतर, म्हणजे फक्त एका बिटचा फरक. आणि त्या काळी घराघरात नव्हे, पण प्रयोगशाळांमध्ये सगळीकडे दिसणारं टेलिटाइप ३३ हे यंत्र तर फक्त कॅपिटलच छापायचं.

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत केंब्रिजला, बीबीएन कंपनीत, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला पत्र पाठवलं. नाव आणि यंत्र यांच्यामध्ये 'अ‍ॅट'चं चिन्ह घालायची कल्पना त्यांचीच. पत्त्याचे दोन भाग झाले ते तेव्हापासून : डावीकडे माणूस, उजवीकडे यंत्र. आजची सगळी गोष्ट डाव्या भागाची आहे, हे लक्षात ठेवू या.

पुढच्या दहा वर्षांत जाळ्यावर नाना तऱ्हेची यंत्रं आली. युनिक्स आणि मल्टिक्स कॅपिटल-स्मॉल वेगळं मानायचे. डिजिटल कंपनीची व्हीएमएस ही यंत्रणा वापरकर्त्याच्या नावात असा भेद करत नसे. युनिक्सची तर एक गंमतच होती. लॉगिनचं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये टाइप केलं, तर ते समजायचं की बिचाऱ्याच्या टर्मिनलला स्मॉल अक्षरंच नाहीत, आणि त्याप्रमाणे जुळवून घ्यायचं.

आता अशा मेळ्यात पत्राचा नियम लिहायचा कसा? १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ लिहिली. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत नोंदवले जातात ती क्रमांकित कागदपत्रं. पोस्टेल यांनी ठरवलं : यंत्राच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा भेद नाही. माणसाच्या नावात मात्र काही यंत्रं तो मानतात, म्हणून वाटेतल्या कुणीही त्या अक्षरांना हात लावायचा नाही. त्याच वर्षीच्या आरएफसी ८२२मध्ये एकच अपवाद होता, 'पोस्टमास्टर'. हे नाव कसंही लिहिलं तरी चालेल. तक्रार करायची तिथे तरी अडायला नको!

आम्हाला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. दोन नावं म्हणजे एकच माणूस की दोन, हे ज्याच्या दारात पत्र जाणार त्यानेच ठरवायचं. पोस्टमनने नाही. २००१ साली आरएफसी २८२१ने तोच नियम कायम ठेवला आणि वर सल्ला दिला की या फरकाचा फायदा घेऊन दोन वेगळे पत्ते करू नका, गोंधळ होतो.

हा नियम मोडला कुणी? खरं तर कुणीच नाही. मोडलं ते दार. जुन्या युनिक्सवर प्रत्येक मेलवाल्याचं त्या यंत्रावर खरंखुरं खातं असे, त्यामुळे निर्णय एकाच जागी व्हायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका सर्व्हरवर शेकडो डोमेन, हजारो माणसं आली. एवढ्यांची खाती यंत्रावर कोण उघडणार? मग नावं डेटाबेसच्या तक्त्यात गेली. पत्र घ्यायला १९९८ साली आलेला वित्से वेनेमा यांचा पोस्टफिक्स, वाचायला द्यायला २००२ साली आलेला टिमो सिराइनेन यांचा डव्हकॉट, नावं मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये, आणि पत्रं लिनक्सच्या फोल्डरमध्ये. एका दाराचे चार दरवान झाले, आणि चौघांची मतं चार!

पोस्टफिक्स अशा तक्त्यात शोधण्याआधी पत्ता स्मॉल करून घेतो. मायएसक्यूएल मूळ मांडणीत भेद करत नाही. ती कंपनी स्वीडनची, म्हणून अनेक वर्षं मूळ क्रमवारीही स्वीडिश भाषेची होती. पोस्टग्रेस काटेकोर आहे, त्याच्या लेखी कॅपिटल आणि स्मॉल वेगळे. लिनक्सचं फोल्डरही तसंच काटेकोर.

आता समजा, सुनीताताईंचा पत्ता स्मॉलमध्ये नोंदलेला आहे. पत्रं त्याच नावाच्या फोल्डरमध्ये पडतात. एके दिवशी मोबाइलचा कीबोर्ड आपणहून पहिलं अक्षर कॅपिटल करतो. मायएसक्यूएल म्हणतो, 'हो, याच त्या, पासवर्डही बरोबर.' वाचून दाखवणारा सर्व्हर टाइप केलेल्या नावावरूनच फोल्डरचा मार्ग बनवत असेल, तर कॅपिटल 'एस'चं फोल्डर शोधतो. ते नाही म्हणून नवं, रिकामं बनवतो. झालं! एकच पत्ता, दोन पेट्या. पोस्टग्रेस असेल तर उलटी गंमत. नोंद कॅपिटलमध्ये झालेली, शोध स्मॉलने, म्हणून पत्र पाठवणाऱ्याला उत्तर जातं, 'असा कुणी माणूस नाही.' एखाद्या उमेदवाराचं मुलाखतीचं पत्र असं परत गेलं, तर त्याला कळणारसुद्धा नाही.

बरं, 'सगळं स्मॉल करून टाका' हा उपायही दिसतो तितका सरळ नाही. तुर्की भाषेत टिंब नसलेला एक स्मॉल 'आय' आहे. त्याचं कॅपिटल केलं की नेहमीचाच कॅपिटल 'आय' मिळतो. डिसेंबर २०१९मध्ये जँगो या वेबसाइट बनवण्याच्या साधनात यावरून सुरक्षेचा दोष दुरुस्त करावा लागला. पासवर्ड विसरलेल्याने टाइप केलेला पत्ता भेद न करता नोंदींशी जुळवला जायचा, पण दुवा पाठवला जायचा टाइप केलेल्याच पत्त्यावर. तसा दिसणारा, पण वेगळा पत्ता ज्याच्या हाती असेल, त्याला दुसऱ्याचं खातं मिळू शकत होतं. दुरुस्तीचं सार साधं होतं : पत्र नोंदीतल्या पत्त्यावरच पाठवा.

यातून आपण काय घ्यायचं? निर्णय एकाच जागी करा, दारातच. तुलनेसाठी एक ठरलेलं रूप ठेवा. ते दोघांना मिळणार नाही, अशी अट डेटाबेसमध्येच घाला. फोल्डरचं नाव टाइप केलेल्यावरून नाही, नोंदीवरून काढा. आणि दुसऱ्याच्या दारचा पत्ता मात्र त्याने लिहिला तसाच ठेवा, पोस्टेल यांनी सांगितलं तसा.

कुणी म्हणेल, आमच्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, आम्ही सुटलो. २०१२च्या आरएफसी ६५३१ने पत्त्याचा डावा भागही देवनागरीत लिहायची वाट उघडली, २०१४ साली डॉट भारत आलं. पण 'कऱ्हाड' लिहून बघा. त्यातला 'ऱ' एका क्रमांकाने लिहिता येतो, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. डोळ्यांना एकच, युनिकोडच्या मतेही एकच, पण बाइट वेगळे. आधी एकरूप करून घेतलं नाही, तर काटेकोर डेटाबेस त्यांना दोन माणसं समजेल. म्हणजे पेट्या बदलल्या, प्रश्न तोच राहिला : एकाच माणसाची दोन लिखाणं एक आहेत, हे ठरवणार कोण? ते आपण आधी ठरवलं नाही, तर आपला सर्व्हर चार वेळा, चार तऱ्हांनी ठरवतो.