टेनिस : हात सांभाळून खेळ कसा सुधारावा, रॅकेट कशी निवडावी

बीदर, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी भागातील आपल्या सभासदांमध्ये टेनिस खेळणारे मोजकेच आहेत. त्यांतले बरेचजण पन्नाशीनंतर या खेळाकडे वळलेले आहेत. मुलाने किंवा जावयाने पुण्याहून, बेंगळुरूहून भारी रॅकेट पाठवायची, चार-सहा महिने सकाळचा खेळ रंगायचा, मग कोपर दुखू लागायचे आणि रॅकेट कपाटावर जायची, असे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. खेळ सुटला की सकाळचे फिरणे सुटते, चार माणसांची भेटही सुटते. म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हौशी खेळाडूने रॅकेट घेताना आधी आपला हात पाहावा, मग आपला खेळ पाहावा आणि नामांकित खेळाडूचे नाव सर्वांत शेवटी पाहावे.

आपल्या भागाशी नाते

टेनिस म्हणजे दूरच्या लोकांचा खेळ असे समजण्याचे कारण नाही. 2023 च्या अखेरीस कलबुर्गीच्या चंद्रशेखर पाटील स्टेडियमवर पुरुषांची आंतरराष्ट्रीय आयटीएफ स्पर्धा झाली आणि रामकुमार रामनाथन यांनी एकेरीचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक कर्नाटकचे रोहन बोपण्णा आणि श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले या जोडीने जिंकले. पहिला सेट गमावूनही त्यांनी सामना फिरवला. कर्नाटक आणि महाराष्ट्र अशी ही जोडी असल्याने आपल्या सीमाभागाला तिचे अप्रूप जरा जास्तच.

बोपण्णा यांचे उदाहरण वयाच्या दृष्टीनेही घेण्यासारखे आहे. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, तेव्हा ते 43 वर्षांचे होते. गुडघ्यांची कूर्चा झिजलेली असताना अय्यंगार पद्धतीच्या योगाचा आपल्याला मोठा उपयोग झाला, असे त्यांनी सांगितले आहे. या पद्धतीचे प्रवर्तक बी. के. एस. अय्यंगार जन्माने कोलार जिल्ह्यातले आणि कर्मभूमीने पुण्याचे. शरीराची निगा राखली तर खेळाचे आयुष्य वाढते, हे यावरून कळावे.

आधी तंत्र

पकड : रॅकेटचा दांडा अष्टकोनी असतो. फोरहँडसाठी सोपी पकड अशी. तारांवर तळहात टेकवा, तो सरळ खाली सरकवत दांड्यापर्यंत आणा आणि मूठ मिटा. हस्तांदोलन केल्यासारखी ही पकड होते. सर्व्हिस आणि व्हॉलीसाठी मात्र हातोडीने खिळा ठोकताना दांडा धरतो तशी पकड हवी. मूठ सैल ठेवावी, चेंडू लागताना तेवढी आवळावी. सतत घट्ट धरलेली रॅकेट प्रत्येक धक्का सरळ कोपरापर्यंत पोचवते.

पाय : समोरचा खेळाडू चेंडू मारत असताना दोन्ही पायांवर छोटीशी उडी घेऊन तयार राहावे. त्यानंतर आधी खांदे वळवावेत, मग पावले टाकावीत. बहुतेक हौशी खेळाडूंचा चेंडू हातामुळे चुकत नाही, तर चेंडूपाशी उशिरा पोचल्यामुळे चुकतो.

चेंडू कुठे घ्यावा : चेंडूला पुढच्या पायाच्या थोडे पुढे गाठावे. चेंडू अंगाजवळ किंवा मागे गेला की मनगट आणि कोपर ओढून तो मारावा लागतो. फोरहँडला रॅकेट खालून वर न्यावी. त्याने चेंडू पुढच्या बाजूला फिरतो, जाळीवरून उंच जाऊनही कोर्टात पडतो.

बॅकहँड : पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी दोन हातांचा बॅकहँड शिकावा, असे आम्ही सुचवू. एका हाताने मारताना कोपर पुढे काढून मनगटाने चेंडू ढकलण्याची सवय लागते, आणि कोपराच्या दुखण्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरा हात भार वाटून घेतो.

सर्व्हिस : चेंडू वर टाकणे हाच निम्मा भाग आहे. हात सरळ उचलून चेंडू डोक्याच्या किंचित पुढे सोडावा. नुसता टॉस रोज वीस वेळा घरच्या अंगणातही करता येतो. चुकीच्या टॉसमागे धावून मारू नये, चेंडू खाली पडू द्यावा. नियमाने त्याची फॉल्ट धरली जात नाही.

दिशा : येथे साधा हिशेब कामी येतो. जाळी खांबांपाशी 1.07 मीटर उंच असते, मध्यभागी 0.914 मीटर. एकेरीचे कोर्ट 23.77 मीटर लांब आणि 8.23 मीटर रुंद आहे. म्हणजे कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात मारले तर सुमारे 25.15 मीटर अंतर मिळते. सरळ मारण्यापेक्षा जवळजवळ 1.4 मीटर जागा जास्त, आणि जाळीही खाली. शंका असेल तेव्हा तिरपे मारावे.

सरावासाठी जोडीदार नसेल तर भिंत पुरते. जोडीदार असेल तर पहिली दहा मिनिटे दोघांनी सर्व्हिसच्या रेषेवर उभे राहून हळू खेळावे. हात गरम होतो आणि नजर बसते.

मग रॅकेट

वजन : नियमात वजनाला मर्यादा नाही, लांबीला आहे, ती 29 इंचांपेक्षा जास्त चालत नाही. मोठ्यांची नेहमीची रॅकेट 27 इंची असते. रॉजर फेडरर यांच्या नावाची विल्सनची आरएफ 97 ही रॅकेट तारांशिवाय 340 ग्रॅम भरते आणि तिचा चेहरा 97 चौरस इंचांचा असतो. त्यांच्या हाताला ती शोभते. आपल्यासाठी तारांशिवाय 270 ते 300 ग्रॅम पुरे. फार हलकी रॅकेटही बरी नव्हे. चेंडूचा धक्का रॅकेटने पेलला नाही तर तो हाताला पेलावा लागतो. जाहिरातीतले वजन बहुधा तारांशिवायचे असते, तारा त्यात साधारण 15 ते 18 ग्रॅमची भर घालतात.

चेहरा : 100 ते 105 चौरस इंच हौशी खेळाडूला सोयीचा. चेंडू थोडा मध्यापासून हलला तरी निभावते.

तोल : रॅकेट बोटावर आडवी तोलून पाहावी. 27 इंचांचा मध्य 34.3 सेंटिमीटरवर येतो. तोल त्याहून दांड्याच्या बाजूला असेल तर रॅकेट हाताला हलकी जाते, व्हॉली सोपी होते.

ताठपणा : काही कंपन्या ताठपणाचा आकडा देतात. 65 च्या आसपास किंवा त्याखालचा आकडा कोपराला मऊ, 70 च्या पुढचा कडक. अॅल्युमिनियमची रॅकेट शिकण्यापुरती ठीक, नियमित खेळायला ग्रॅफाइटची घ्यावी.

ग्रिप : हे माप चुकले तर बाकी सगळे व्यर्थ. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळहाताचा अंगठ्याखालचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम बसली पाहिजे. ती बसलीच नाही तर ग्रिप लहान, फार मोकळी राहिली तर मोठी. दोन मापांमध्ये अडकल्यास लहान घ्यावी. वरून ओव्हरग्रिप गुंडाळून ती थोडी जाड करता येते, मोठी ग्रिप लहान करणे अवघड. घामाच्या दिवसांत ओव्हरग्रिप वारंवार बदलावी.

गटिंग

रॅकेटइतकेच महत्त्व तारांना आहे. पॉलिएस्टरच्या तारा टिकाऊ, पण कडक. त्या जोरात मारणाऱ्या तरुणांसाठी. आपल्याला नायलॉनची सिंथेटिक गट किंवा अनेक बारीक धाग्यांची मल्टिफिलामेंट बरी. नैसर्गिक गट हाताला सर्वांत मऊ असते, पण ती गुरांच्या आतड्यापासून बनते आणि महागही असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुकानात आधी विचारावे. सिंथेटिक गट या नावात गट असले तरी ती नायलॉनचीच असते.

ताण 48 ते 54 पौंडांच्या दरम्यान ठेवावा, कोपर दुखत असेल तर आणखी दोन-तीन पौंड कमी करावा. सैल तारांनी चेंडू जोरात जातो, घट्ट तारांनी नियंत्रण मिळते. आठवड्यातून जितके दिवस खेळतो, वर्षातून तितक्या वेळा गटिंग बदलावे असा जुना ठोकताळा आहे. एप्रिल-मेच्या उन्हात रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नये, उष्णतेने ताण उतरतो. गटिंगचे मशीन सगळीकडे नसते. हैदराबाद किंवा सोलापूरला जाणे होणार असेल तर आधी फोनवर चौकशी करून रॅकेट सोबत न्यावी.

कोपर, बूट, चेंडू

टेनिस एल्बो हे दुखणे फक्त टेनिसने होत नाही. सचिन तेंडुलकर यांना 2004 मध्ये ते क्रिकेट खेळताना झाले आणि 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे जोडलेले असतात, तिथे हे दुखते. ओले कपडे पिळताना, तांब्या उचलताना कळ येऊ लागली की खेळ थांबवावा. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. पट्टा बांधून आणि गोळी घेऊन खेळत राहू नये.

पळण्याचे बूट टेनिसला चालत नाहीत. त्यांचा तळ उंच असतो, आणि बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो. जुने, ओले किंवा जड झालेले चेंडूही हाताला त्रास देतात. नियमाप्रमाणे 254 सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. भिंतीवर खुणा करून ही परीक्षा घरीच घेता येते.

घरातील मुलांसाठी

नातवंडांच्या हाती मोठ्यांची रॅकेट देऊ नये. साधारण पाच-सहा वर्षांना 21 इंची, सात-आठ वर्षांना 23, नऊ-दहा वर्षांना 25 आणि त्यापुढे 26 इंची घ्यावी. लाल, केशरी आणि हिरव्या खुणेचे चेंडू याच क्रमाने वापरावेत. लाल सर्वांत मंद, हिरवा नेहमीच्या चेंडूच्या जवळचा.

खरेदीपूर्वी

ग्रिपचे माप, वजनाची मर्यादा, चेहऱ्याचा आकार आणि तारांचा प्रकार या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. शक्य झाल्यास खेळणाऱ्या मित्राची रॅकेट आठवडाभर मागून वापरावी, मगच पैसे घालावेत. मुले ऑनलाइन मागवणार असतील तर हाच कागद त्यांना फोटो काढून पाठवावा. चांगली जुनी रॅकेट ज्यांच्या घरी पडून आहे त्यांनी ती नव्याने शिकणाऱ्याला वापरायला द्यावी, ही विनंती. नवे गटिंग आणि नवी ग्रिप घातली की तिचे काम पुन्हा सुरू होते.