तलंगांचा खुराक

अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबडीला तलंग म्हणतात. पाळणाऱ्याचा घाम हीच काढते. साडेचार महिने नुसतं खाणार, अंडं एक नाही. पोल्ट्रीच्या खर्चात साठ-सत्तर टक्के खाद्यच असतं, म्हणून आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या कोंबडीपालनाचा इतिहास सांगायचा तर तो खुराकाचाच होतो.

आजीच्या काळी खुराकाला पैसा पडतच नव्हता. कल्याण-मुरबाडचा पट्टा भाताचा. खळ्यावर सांडलेलं, गिरणीची कणी, कोंडा, उकिरड्यातले किडे, पावसाळ्यात वाळवी. संध्याकाळी डालग्याखाली झाकलं की झालं. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी द्यायची, त्यावर कुणाची तक्रार नव्हती.

मग पांढरी लेगहॉर्न आली. आरे कॉलनीत केंद्र सरकारचा कुक्कुट फार्म झाला. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, 1982 साली त्यांच्याच पुढाकारानं एनईसीसी उभी राहिली, आणि अंड्याचा दर उत्पादक स्वतः बोलू लागले. खाद्याचा दर मात्र आपल्या हातात कधी आला नाही, आजही नाही.

ही नवी जात कोंड्यावर जगणारी नव्हे. पिल्लाला वीस टक्के प्रथिनं, तलंगेला सोळा, अंड्यावर आली की अठरा. आधी ती शेंगदाणा पेंडीतून मिळायची. पण कोकणातली दमट हवा, पेंडीला बुरशी धरायची. 1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, ते अशाच बुरशीच्या विषानं, आणि ती पेंड ब्राझीलची शेंगदाण्याचीच होती. पुढं मध्य प्रदेशात, मग आपल्या लातूरकडं सोयाबीन वाढलं आणि सगळी पोल्ट्री सोयापेंडीवर गेली. एकाच खांबावर घर उभं केल्यासारखं.

तो खांब 2021 मध्ये हलला. सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलपर्यंत गेलं, पेंड किलोला नव्वदच्या वर. सरकारनं ऑगस्टमध्ये बारा लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली, पण तोवर आमच्या भागातल्या दोन-तीन शेडना कुलूप लागलं होतं. माझ्याकडं तेव्हा सहाशे तलंगा होत्या. विकाव्यात तर अंड्यावर न आलेल्या पक्ष्याला विचारतो कोण?

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांच्या खाद्याला मी हात लावला नाही. तिथं काटलं की पक्षी खुरटतो तो कायमचा. नवव्या ते सोळाव्या आठवड्यात मात्र जागा असते. सोयापेंड शंभर किलोत वीसवरून बारावर आणली. बदल्यात सूर्यफूल पेंड आणि तेल काढलेला कोंडा. साधा गिरणीचा कोंडा पावसाळ्यात खवट होतो, तो नको. सूर्यफुलात लायसिन कमी, ते भरायला थोडी सुकी मासळी. तिच्यात खारटपणा असतो म्हणून मीठ वेगळं घालायचं नाही. एका व्यापाऱ्यानं पहिल्या पोत्यात रेती मिसळून दिली होती. पाण्यात मूठभर टाकली तर तळाला रेतीच. पोतं परत पाठवलं.

दर आठवड्याला पन्नास तलंगा वजनकाट्यावर. अठराव्या आठवड्याला सव्वा किलोच्या आसपास भरली पाहिजे. हलकी राहिली तर अंडी उशिरा आणि बारकी, मग वाचवलेला पैसा कुठं गेला? आणखी एक, घाईनं लेअरचं खाद्य लवकर चालू करू नये. महागही पडतं, आणि त्यातल्या चुन्यानं कोवळ्या पक्ष्याचं मूत्रपिंड जातं. शिंपल्यांचा चुरा अंडं जवळ आल्यावरच.

आठ आठवड्यांत दोन टन खाद्य लागलं, किलोमागं चार रुपये वाचले. आठ हजार. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्यासाठी ती पुढच्या पिल्लांची अर्धी-पाऊण किंमत होती.

आता मका इथेनॉलकडं वळलाय. 2024-25 चा हमीभाव 2,225 रुपये होता, आणि मका विकणारा आपला देश बाहेरून मका आणू लागला. इथेनॉलच्या कारखान्यातून उरलेला चोथा, डीडीजीएस, स्वस्त म्हणून पोत्यापोत्यानं येतो. दाण्यात बुरशीचं विष असेल तर चोथ्यात ते साधारण तिप्पट होतं. डोंबिवलीत दुकानावर परवा एक पोरगा पाच पोती उचलत होता. मी म्हटलं, बाबा, आधी एक फोड, वास घे, लॅबला नमुना दे, आणि तलंगांना शंभरात पाचच्या वर घालू नकोस. त्यानं दोनच पोती नेली.