भोंग्यापलीकडचे शिवार

सोलापूर म्हटले की चादर आणि गिरणीचा भोंगा आठवतो. परंतु या शहराची मुळे भोवतालच्या खेड्यांतच आहेत. १८६० मध्ये येथे रेल्वे आली. पुढच्या दोन दशकांत पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि त्याच सुमारास, १८७६-७८ च्या दुष्काळाने, हा सारा मुलूख होरपळून निघाला. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांपुरते मर्यादित केले. बांधावर बागडण्याच्या वयात मुलाला नऊ तास यंत्रापाशी उभे करणे कायदेशीर होते, असा त्याचा अर्थ!

तरीही शिवाराशी नाते तुटले नाही. जिल्ह्याच्या काही भागांत वेळ अमावस्येला घरेच्या घरे अंबील, भज्जी आणि उंडे घेऊन शेतावर जातात. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसून, तळहातावर कणीस चोळताना, ज्वारी कोठून येते हे मुलांना कोणी शिकवावे लागत नसे.

या संस्काराचे सामर्थ्य मारुती चितमपल्ली यांच्या आयुष्यात दिसते. १९३२ मध्ये ते याच गिरण्यांच्या शहरात जन्मले. रानाची पहिली ओळख त्यांना आईने आणि लिंबामामाने करून दिली. पुढे वनखात्यातील प्रदीर्घ सेवेतून मराठीला पक्ष्यांची आणि वृक्षांची शब्दसंपदा लाभली. २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२५ मध्ये याच शहरात त्यांनी देह ठेवला. एका आईने मुलाचे बोट धरून दाखविलेल्या रानवाटेचे हे फळ होय.

आज जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. पण मुले शिवाराच्या जवळ आलेली नाहीत. पेरणाऱ्याचा दृष्टान्त आपण त्यांना सांगतो. मात्र त्यांतील किती जणांनी पाभर पाहिली असेल? ओळख नसली की आस्था उरत नाही. बार्शी रस्त्यावरील नान्नजचा माळ याची साक्ष देतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले. जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला मोकळे गवताळ रान लागते. आपण मात्र माळाला पडीक समजत आलो. आता तेथे काळवीट दिसतात, माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

म्हणून, पालकहो, मुलांना खेड्यात न्यावे ते केवळ सहलीपुरते नव्हे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात त्यांना शेतकऱ्याशी बोलू द्यावे. पाऊस हुकला तर घरात काय होते, हेही विचारू द्यावे. ताटातील भाकरीमागचा माणूस ज्याला ठाऊक आहे, ते मूल ती भाकरी सहसा टाकून देणार नाही.