वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालयीन जीवन

वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालयीन जीवन प्रामुख्याने संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांभोवती घडले आहे. विद्यापीठाचा मुख्य परिसर अमरावतीतील तपोवन भागात, वाशिम शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. त्यामुळे जिल्ह्यातील बहुसंख्य पदवी विद्यार्थ्यांचा विद्यापीठाशी संबंध परीक्षा, गुणपत्रिका, युवक महोत्सव आणि क्रीडास्पर्धा यांपुरता येतो. त्यांच्या दृष्टीने तालुक्याच्या गावातील महाविद्यालय हाच विद्यापीठाचा परिसर ठरतो.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात वाशिम हा वऱ्हाड प्रांतातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला. त्या काळी उच्च शिक्षणासाठी नागपूर किंवा त्याहून दूरचे शहर गाठावे लागे. नागपूरची महाविद्यालयेही प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाल्याने वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना आपल्याच प्रांतात शिकण्याची सोय झाली.

विद्यापीठांची पुनर्रचना

नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. पुढे त्यास संत गाडगे बाबा यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत विद्यापीठातील कामासाठी वाशिमच्या विद्यार्थ्याला दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून नागपूरला जावे लागे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. विद्यापीठ मात्र तेच राहिले. वाशिमचे राजस्थान आर्य महाविद्यालय, कारंजाचे किसनलाल नथमल गोयनका महाविद्यालय, रिसोडचे उत्तमचंद बगडिया महाविद्यालय आणि मालेगावचे रामराव झनक महाविद्यालय ही जिल्ह्यातील काही संलग्न महाविद्यालये होत.

प्रवास आणि निवास

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती व तीपैकी सुमारे ८२ टक्के ग्रामीण होती. साहजिकच एसटीचा सवलतीचा पास हा येथील शिक्षणाचा मोठा आधार राहिला. शेवटची बस किती वाजता सुटते, यावर अनेकांचा ग्रंथालयातील वेळ आणि स्नेहसंमेलनातील सहभाग अवलंबून असे. कारंजा परिसराला मूर्तिजापूर–यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या अरुंदमापी ‘शकुंतला’ रेल्वेचाही पर्याय होता. ती सेवा पुढे बंद पडली. वाशिमवरून जाणारा अकोला–पूर्णा हा मीटरमापी लोहमार्ग २००८ साली रुंदमापी झाला. शहरात राहणाऱ्यांसाठी वसतिगृह, भाड्याची खोली, खानावळ किंवा गावाहून एसटीने येणारा डबा हे पर्याय होते.

उपक्रम आणि विद्यार्थी प्रतिनिधित्व

स्नेहसंमेलन, ‘फिशपाँड’, वार्षिकांक आणि वक्तृत्व स्पर्धा ही महाविद्यालयीन वर्षाची परिचित अंगे होत. १९६९ साली देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेमुळे दत्तक गावातील निवासी श्रमसंस्कार शिबिरांची त्यांत भर पडली. गावोगावी हाती खराटा घेऊन स्वच्छता करणाऱ्या गाडगे बाबांच्या कार्याशी या शिबिरांचे स्वरूप जुळते.

विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ नुसार बंद झाल्या व गुणवत्तेच्या आधारे प्रतिनिधी निवडण्याची पद्धत आली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची पुन्हा तरतूद केली. तथापि २०१९ साली राज्यभर नियोजित असलेल्या या निवडणुका विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलण्यात आल्या. परिणामी, विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या आपला प्रतिनिधी थेट मतदानाने न निवडताच पदवीधर झाल्या.

अलीकडील बदल

२०१८ साली वाशिमचा समावेश केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे महाविद्यालये बंद झाली. अध्यापन मोबाइलवर आले आणि वर्ग, ग्रंथालय व कट्टा यांतून होणारा रोजचा सहवास थांबला. २०२४ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळू लागली. त्याच वर्षी वाशिम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पूर्वी वैद्यकीय शिक्षणासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागे. या महाविद्यालयामुळे आता इतर जिल्ह्यांतील विद्यार्थीही वाशिममध्ये येऊन राहू लागले.