निवांत वाटेखालचा अस्वस्थ इतिहास : मोझेलकाठची सायकलवाट आणि तिथले द्राक्षमळे

#थ्रेड #इतिहास

१/ युरोपला निघालेल्या भारतीय प्रवाशाच्या व्हिसावर ‘शेंगेन’ हे नाव छापलेले असते. अनेकांना तो एखाद्या कराराचा संक्षेप वाटतो. वास्तविक शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातील मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव आहे. द्राक्षे पिकवणे आणि वाइन करणे हा तिथला जुना व्यवसाय.

२/ शेंगेनचा पूल ओलांडला की जर्मनीतील पेर्ल लागते. पेर्लपासून, मोझेल जिथे ऱ्हाइनला मिळते त्या कोब्लेन्झ शहरापर्यंत, नदीकाठाने सुमारे २५० किलोमीटरची सायकलवाट आहे. वाटाड्या नाही, सहलीचा गट नाही. भाड्याची सायकल आणि नकाशा घ्यायचा, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जायचे. सामानाची बॅग मोटारीने पुढच्या मुक्कामी पोहोचते. रात्री एखाद्या द्राक्षबागायतदाराच्याच घरी खोली मिळते.

३/ या सुट्टीत चार गोष्टी प्रवासी गृहीत धरतो. वाट सपाट आहे, नदी संथ आहे, तीन देशांच्या सीमेवर कोणी अडवत नाही आणि वाइन पिकवणाऱ्याच्या अंगणातच मिळते. यांपैकी एकही गोष्ट आपोआप घडलेली नाही. प्रत्येकीमागे कोणाचे तरी कष्ट, कर्ज किंवा युद्ध आहे.

४/ प्रथम सपाट वाट. रेल्वे येण्यापूर्वी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध दोरांनी ओढून न्याव्या लागत. त्यासाठी पाण्यालगत चढउतार नसलेली वाट राखलेली असे. आजची सायकलवाट अनेक ठिकाणी त्याच वाटेने जाते. ट्रियरच्या अलीकडे ईगेल गावात तिसऱ्या शतकातला सुमारे २३ मीटर उंचीचा रोमन स्मारकस्तंभ उभा आहे. तो सेकुंडिनी नावाच्या कापडव्यापारी घराण्याचा. त्यावरील एका शिल्पपटात माणसेच दोर खांद्यावर घेऊन नाव ओढताना दिसतात.

५/ वाइनही रोमनांच्या काळातली. ट्रियर हे रोमन साम्राज्याचे एक प्रमुख नगर होते. तिथल्या दरबारात असलेल्या औसोनियस या कवीने इ.स. ३७१ च्या सुमारास या नदीवर दीर्घकाव्य रचले. त्यात उतारांवरच्या द्राक्षवेलींचे वर्णन आहे. नॉयमागेन येथे पिंपांनी भरलेल्या नावेचे दगडी थडगेशिल्प सापडले, तर पीसपोर्ट येथे १९८५ मध्ये द्राक्षे पिळण्याचा रोमन घाणा उघडा पडला.

६/ या खोऱ्याचे वैशिष्ट्य म्हणजे उतार आणि दगड. मोझेलच्या मधल्या व खालच्या टप्प्यात जमीन स्लेटची, म्हणजे आपल्या पाटीच्या दगडाची आहे. हा दगड दिवसा तापतो आणि रात्री ऊब देतो. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकते त्याचे हे एक कारण. पण ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट उतारावर चढ सुमारे ६५ अंशांपर्यंत जातो. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी, बांधणी, तोडणी सारे हातांनीच होते. सपाट मळ्याच्या कित्येक पट मजुरी इथे लागते.

७/ हा कष्टाचा हिशेब जमला तरच मळा टिकतो. तो जमणे किंवा न जमणे गेली दोनशे वर्षे बहुधा खोऱ्याबाहेर ठरत आले आहे. १७८७ मध्ये ट्रियरचे शासक आर्चबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी फर्मान काढले : हलक्या प्रतीच्या वेली सात वर्षांत उपटून चांगल्या वेली लावाव्यात. आज मोझेलची ओळख असलेल्या रीस्लिंगच्या प्रसारात या फर्मानाला महत्त्वाचे स्थान दिले जाते.

८/ सात वर्षे पुरी होतात तोच राज्य बदलले. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजा ट्रियरमध्ये आल्या. पुढे नेपोलियनच्या राजवटीत मठांचे आणि चर्चचे मळे लिलावात निघाले. चांगले उतार खाजगी मालकीचे झाले. मात्र वारसांमध्ये समान वाटण्या होत राहिल्याने एकेका कुटुंबाकडे ठिकठिकाणी विखुरलेल्या लहान पट्ट्याच उरल्या.

९/ १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या तहानंतर हे खोरे प्रशियाकडे गेले. आरंभी ते शेतकऱ्यांच्या पथ्यावर पडले. प्रशियाच्या जकातीने बाहेरची वाइन महाग केली, बर्लिनपर्यंतची बाजारपेठ खुली झाली आणि भाव चढले. लोकांनी कर्ज काढून नवे उतार फोडले, वेली लावल्या.

१०/ मग धोरण फिरले. १८२८ पासून प्रशियाने दक्षिणेकडील जर्मन राज्यांशी जकातीचे करार सुरू केले आणि १८३४ मध्ये जर्मन राज्यांचा जकातसंघ अस्तित्वात आला. दक्षिणेची सपाट मळ्यांतली स्वस्त वाइन विनाजकात येऊ लागली. मोझेलचे भाव कोसळले. कर्ज आणि कर मात्र पूर्वीचेच राहिले. त्यात वाईट हंगामांची भर पडली आणि मळ्यांवर जप्त्या येऊ लागल्या.

११/ या दैन्याची नोंद एका तरुण संपादकाने घेतली. तो मूळचा ट्रियरचा, वय २४, नाव कार्ल मार्क्स. ऑक्टोबर १८४२ मध्ये तो कोलोनच्या ‘राइनिश त्साइटुंग’ या वृत्तपत्राचा संपादक झाला. त्याच्या पत्रात मोझेलच्या बागायतदारांच्या हलाखीवर लेख आले. प्रांताच्या प्रमुखाने ते खोडून काढत पुरावे मागितले.

१२/ जानेवारी १८४३ मध्ये मार्क्सने स्वतः लेखमालेतून उत्तर दिले. त्याचा रोख एखाद्या दुष्ट अधिकाऱ्यावर नव्हता. शेतकऱ्याची तक्रार प्रशासन पुन्हा प्रशासनाकडूनच तपासून घेते, त्यामुळे संकट खरे असले तरी कागदावर ते अतिशयोक्ती ठरते, असा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. लेखमाला अपुरीच राहिली. वृत्तपत्र बंद करण्याचा हुकूम निघाला आणि ३१ मार्च १८४३ रोजी अखेरचा अंक आला.

१३/ पुढे १८५९ मध्ये आपल्या अर्थशास्त्रीय ग्रंथाच्या प्रस्तावनेत मार्क्सने सांगितले की आर्थिक प्रश्नांकडे तो प्रथम वळला तो ज्या वादांमुळे, त्यांत मोझेलच्या शेतकऱ्यांची स्थिती हा एक होता. आज ज्या उतारांचे फोटो काढले जातात, त्यांच्यावरील कर्जाने एका विचारवंताची दिशा घडवली.

१४/ ट्रियरच्याच लुडविग गाल यांनी या संकटावर वेगळा उपाय शोधला. थंड वर्षांत द्राक्षरस अतिशय आंबट निघे. किण्वनापूर्वी त्यात साखरेचे पाणी मिसळून आंबटपणा उतरवण्याची पद्धत त्यांनी १८५० च्या दशकात प्रसृत केली. त्यामुळे गरीब बागायतदाराची वाईट हंगामातली वाइन विकण्याजोगी झाली. ही भेसळ की सुधारणा, हा वाद मात्र नंतर अनेक दशके चालला.

१५/ शतकाच्या अखेरीस दिवस पालटले. १८७९ मध्ये कोब्लेन्झ–ट्रियर रेल्वे सुरू झाली. ती बर्लिनहून मेट्झच्या किल्ल्याकडे सैन्य नेण्यासाठी आखलेल्या मार्गाचा भाग होती. जर्मनीत त्या मार्गाला ‘तोफांची रेल्वे’ म्हणतात. सैन्यासाठी घातलेल्या रुळांवरून वाइनची पिंपेही जाऊ लागली. १९०० च्या सुमारास ट्राबेन-ट्रारबाख ही वाइनव्यापाराची मोठी पेठ बनली. वास्तुकार ब्रूनो म्योरिंग यांनी बांधलेल्या तिथल्या इमारती त्या भरभराटीची साक्ष देतात.

१६/ उजव्या काठाने ट्रियर ते बुलाय अशी आणखी एक स्थानिक रेल्वे १९०५ पर्यंत पूर्ण झाली. मोटारींपुढे ती टिकली नाही, १९६८ मध्ये पूर्ण बंद पडली. तिच्या मोकळ्या झालेल्या मार्गावर काही टप्प्यांत आज सायकली धावतात.

१७/ पहिल्या महायुद्धाने पुन्हा घडी मोडली. चलनवाढीत बचत बुडाली, परदेशी वाइन आत येऊ लागली, शिवाय वाइनवरील कर होताच. २५ फेब्रुवारी १९२६ रोजी बेर्नकास्टेल येथे जमलेले बागायतदार करकचेरीवर चालून गेले. दप्तरे खिडक्यांतून रस्त्यावर फेकली गेली, जाळली गेली. त्यानंतर लवकरच हा कर रद्द करण्यात आला. बेर्नकास्टेलचा लाकडी घरांचा देखणा चौक आज प्रत्येक सायकलस्वार पाहतो. तो याच गावात आहे.

१८/ वाइनव्यापारात ज्यू व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९३३ नंतर नाझी राजवटीने त्यांना व्यापारातून आणि मग देशातून हुसकावले. खरेदीदारांचे जाळे तुटले. त्यातच भरघोस हंगाम आल्याने वाइन पडून राहू लागली. तेव्हा राजवटीने शहरांना वाइनची गावे ‘दत्तक’ दिली आणि १९३५ मध्ये शेजारच्या फाल्त्स प्रदेशात ‘जर्मन वाइनमार्ग’ उघडून पर्यटकांना मळ्यांकडे वळवले. वाइन आणि प्रवास यांची सांगड घालण्याच्या इतिहासातील हे पान पर्यटनाच्या माहितीपुस्तिकांत क्वचितच येते.

१९/ आता सीमा. मोझेलच्या वरच्या टप्प्यातील मेट्झ आणि थिओनव्हिल १८७१ मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेले, १९१८ मध्ये परत आले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने गिळले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सचे झाले. मे १९४० मध्ये लक्झेंबर्गही व्यापला गेला. एकाच जागी राहणाऱ्या माणसाचे राष्ट्रीयत्व पाऊण शतकात चार वेळा बदलू शकत होते.

२०/ पेर्ल ज्या सार प्रदेशात आहे तो दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या छायेखाली होता. २७ ऑक्टोबर १९५६ रोजी तो जर्मनीला देण्याचा करार झाला. त्याच दिवशी दुसरा करार झाला तो मोझेल मोठ्या मालवाहू जहाजांसाठी खुली करण्याचा. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील पोलादाला ऱ्हाइनपर्यंत जलमार्ग हवा होता. साध्या भाषेत, सारच्या बदल्यात नदी.

२१/ थिओनव्हिल ते कोब्लेन्झ १४ बांध घातले गेले, त्यांच्या कडेला जहाजे वर-खाली नेणारी पाण्याची दारे बसवली गेली. २६ मे १९६४ रोजी लक्झेंबर्गच्या ग्रँड डचेस शार्लोट, फ्रान्सचे द गॉल आणि जर्मनीचे ल्युब्के यांनी जलमार्गाचे उद्घाटन केले. सायकलवरून दिसणारा संथ, आरशासारखा प्रवाह हा या तडजोडीचा परिणाम. औसोनियसने पाहिलेली नदी अशी नव्हती.

२२/ १४ जून १९८५ रोजी शेंगेनला नांगरलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रीद’ या नौकेवर बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी सीमेवरील तपासणी टप्प्याटप्प्याने उठवण्याचा करार केला. जागा सूचक होती : तीन देश इथे भेटतात आणि इथला लक्झेंबर्ग–जर्मनी यांच्यामधला प्रवाह दोघांच्या सामायिक मालकीचा आहे. प्रत्यक्ष तपासणी थांबली ती मार्च १९९५ मध्ये.

२३/ चौथी गोष्ट बागायतदाराचे अंगण. दारावर फांद्यांचा झुबका किंवा झाडू टांगलेला दिसला की घर उघडे आहे असे समजावे. अशा घरगुती पानगृहाला जर्मनीत वर्षातून चार महिने आणि जास्तीत जास्त ४० आसनांपर्यंत वेगळ्या परवान्याविना वाइन विकता येते. वाइन स्वतःच्याच मळ्याची हवी. भाव ठरवणारा व्यापारी मध्ये नाही, पैसे त्याच रात्री हातात. १८४३ च्या बागायतदाराला बाटली आणि खोली दोन्ही विकत घेणारा असा पाहुणा ठाऊक नव्हता.

२४/ तरीही हिशेब पूर्ण जमलेला नाही. १९९० च्या सुमारास मोझेल प्रदेशात सुमारे १२,००० हेक्टरवर द्राक्षमळे होते. आता ते ९,००० हेक्टरच्या आत आहेत. सोडले गेलेले पट्टे बहुधा चढाचे, जिथे पुढची पिढी राबायला तयार नाही. हिरव्या शिस्तबद्ध ओळींमध्ये मधेच झुडपांनी माजलेला चौकोन दिसतो. तो एखाद्या घराने थांबवलेला मळा असतो.

२५/ सीमेचेही तेच. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात जर्मनीने लक्झेंबर्गच्या सीमेवर अडथळे उभे केले. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. ज्या गावाचे नाव मुक्त सीमेला मिळाले, त्याच्याच पुलापलीकडे पोलीस पुन्हा उभे राहू शकतात, हे तिथल्या लोकांनी पाहिले आहे.

२६/ म्हणून या वाटेने जाणाऱ्याने नकाशाबरोबर चार खुणा लक्षात ठेवाव्यात : ईगेलच्या स्तंभावरचे दोर ओढणारे हात, बेर्नकास्टेलच्या रस्त्यावर पडलेली दप्तरे, बांधामागे तुंबलेले पाणी आणि उतारावरचा झुडपांनी भरलेला चौकोन. यांतली शेवटची खूण दरवर्षी वाढते आहे. ती थांबेल की नाही, हे त्या ४० खुर्च्यांवर कोण येऊन बसते यावरही थोडेफार अवलंबून आहे.