लागणे (क्रियापद)

मराठीतील बहुअर्थी अकर्मक क्रियापद. व्युत्पत्ती संस्कृत ‘लग्’ (चिकटणे) या धातूपासून. प्रयोजक रूप ‘लावणे’. बारामती व इंदापूर तालुक्यांतील नित्य वापरातले त्याचे मुख्य अर्थ असे :

१. सापडणे : विहिरीला पाणी लागले.
२. वाटेत येणे : पुण्याहून इंदापूरला जाताना भिगवण लागते.
३. खर्ची पडणे : बांधाला दोन दिवस लागले.
४. नाते असणे : तो माझा मामा लागतो.
५. जाणवणे, बाधणे : भूक लागली, ऊन लागले.
६. नेमले जाणे : मुलगा कारखान्यात कामाला लागला.

साहाय्यक क्रियापद म्हणून ते ‘-ऊ’ प्रत्ययान्त रूपापुढे आरंभ दाखवते (पाऊस पडू लागला), तर ‘-आवे’ रूपापुढे सक्ती (पाळीसाठी रात्री जावे लागते). भूक, तहान, सक्ती यांत अनुभवणाऱ्याला चतुर्थी येते : मला, त्याला.

‘लागण’ हे नाम रोगाचा संसर्ग दाखवते. नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यात मात्र त्याचा रूढ अर्थ उसाची लावणी. जुलै-ऑगस्टमधील ‘आडसाली लागण’ सुमारे सोळा ते अठरा महिन्यांनी तोडीला येते. तोडीनंतर त्याच खोडांपासून घेतलेले पीक ‘खोडवा’. त्याला लागण म्हणत नाहीत.